उरुग्वेची पोरं आणि आपल्या पेठा

पेठापेठांचे फुटबॉल संघ चालवणाऱ्या कोल्हापुरातल्या सर्व तालीम मंडळांचे अध्यक्ष, कार्यकर्ते, खेळाडू आणि शाहू स्टेडियमच्या गॅलरीत उन्हातान्हात बसणारे तमाम फुटबॉलवेडे यांस,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री आमच्या कट्ट्यावर साडेअकरापर्यंत एकच वाद पेटला होता. आजच्या घडीला जगात सगळ्यात चांगली तरुण पोरं कुणाकडं आहेत? ब्राझीलवाल्यांनी एन्ड्रिक आणि एस्तेव्हाव यांची नावं काढली. अर्जेंटिनावाले म्हणाले, वीस वर्षांखालचा वर्ल्ड कप आम्ही सहा वेळा जिंकलाय, एवढा कुणीच जिंकलेला नाही. कॉलेजातल्या एका पोरानं मोबाईलवर स्पेनच्या यमालचा गोल लावला आणि म्हणाला, विषय संपला. कोपऱ्यातला एक जण हळूच मोरोक्को म्हणाला तर सगळे हसले. मला ते हसणं आवडलं नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये चिलीत याच मोरोक्कोनं फायनलला अर्जेंटिनाला २-० हरवून वीस वर्षांखालचा वर्ल्ड कप उचलला होता.

मला विचारलं तेव्हा मी "उरुग्वे" एवढंच म्हणालो आणि घरी आलो. का ते सांगायला रात्र पुरली नसती. शिवाय ज्यांनी ते ऐकायला हवं ते कट्ट्यावर नव्हते, तालमींच्या खोल्यांमध्ये होते. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. मी पंधरा सीझन लेफ्ट हाफला खेळलो. गेली काही वर्षं सकाळी पेठेतल्या बारक्या पोरांना शिकवतो. या दोन गोष्टींपलीकडं माझा अधिकार काही नाही.

आधी स्पेनचं. यमालबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. २०२४ च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, म्युनिकला सेमीफायनलमध्ये फ्रान्सविरुद्ध त्यानं बॉक्सबाहेरून डाव्या पायानं चेंडू वळवून पोस्टच्या आतल्या बाजूनं घातला, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. १३ जुलैला १७ पूर्ण झाले आणि १४ जुलैला बर्लिनमध्ये फायनल जिंकून गळ्यात पदक पडलं. त्याच उन्हाळ्यात स्पेननं १९ वर्षांखालची युरो जिंकली आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये यजमान फ्रान्सलाच ५-३ हरवून सोनं घेतलं. पण यमाल गोल केल्यावर बोटांनी ३०४ हा आकडा दाखवतो, तो कशाचा आहे ते कट्ट्यावर फार जणांना माहीत नव्हतं. बार्सिलोनाजवळच्या मातारो गावातली रोकाफोंदा ही त्याची कष्टकऱ्यांची वस्ती, आणि तिच्या पिन कोडचे शेवटचे तीन आकडे म्हणजे ३०४. मोठ्या स्टेडियमवर उभा राहून पोरगं आपली गल्ली दाखवतंय. आपल्या पोरांना हे कुणी समजावून सांगायला नको.

फ्रान्सची बाजू याहून भक्कम आहे असं मला वाटतं. १९७३ सालीच तिथं ठरलं की प्रत्येक व्यावसायिक क्लबनं स्वतःचं प्रशिक्षण केंद्र चालवलंच पाहिजे. १९८८ मध्ये पॅरिसच्या बाहेर क्लेअरफोंतेन हे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. थिएरी ऑन्री तिथं शिकला, एम्बापेही तिथलाच. पण एम्बापे क्लेअरफोंतेनला तेरा-चौदाव्या वर्षी गेला. त्याआधी तो बोंदी या उपनगरातल्या गावक्लबात खेळत होता आणि तिथं त्याचे वडीलच प्रशिक्षक होते. पॅरिसभोवतीच्या अशा उपनगरांमधून किती पोरं निघाली याचा हिशेब करायचा तर २०२२ चा वर्ल्ड कप बघा. त्या एका स्पर्धेत फ्रान्समध्ये जन्मलेले पन्नासहून जास्त खेळाडू होते, आणि त्यातले निम्म्याहून जास्त ट्युनिशिया, सेनेगल, मोरोक्को, कॅमेरून अशा दुसऱ्या देशांच्या जर्सीत होते. स्वतःचा संघ भरून वर दोन संघ दुसऱ्यांना देता येतील एवढं पीक.

मग उरुग्वे का? त्याआधी कप मोजायच्या सवयीबद्दल बोलतो, कारण कट्ट्यावरचा निम्मा वाद कपांच्या यादीवरच चालतो.

२०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्या देशात झाला. २५ ऑक्टोबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेन आणि माली यांची सेमीफायनल होती. मी इथून रात्रीच्या गाडीनं गेलो होतो. मालीची ती पोरं काय पळत होती! दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्या एकानं लांबून असा फटका मारला की चेंडू क्रॉसबारच्या खालच्या बाजूला लागून रेषेच्या आत पडला. रेफ्रीनं गोल दिला नाही. स्पेन ३-१ जिंकलं. तीन दिवसांनी कोलकात्यात इंग्लंडनं ०-२ मागं असताना त्याच स्पेनला ५-२ हरवलं, आणि इंग्लंडच्या फोडेनचं नाव तेव्हा आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलं.

आता त्या मालीचं बघा. २०१५ ला १७ वर्षांखालचे उपविजेते, २०१७ ला चौथे, २०२३ ला तिसरे. एवढं असून मालीचा मोठा संघ आजवर एकाही वर्ल्ड कपला पोचलेला नाही. नायजेरियानं १७ वर्षांखालचा कप पाच वेळा घेतला, जगात सगळ्यात जास्त. त्यांचा मोठा संघ वर्ल्ड कपमध्ये शेवटच्या सोळाच्या पुढं कधी गेला नाही, आणि २०२२ ला तर पात्रही झाला नाही. दोष पोरांचा नाही. सतराव्या वर्षापर्यंत त्यांनी जे करायचं ते केलं. पुढं त्यांना सांभाळायला, नीट शिकवायला, दुखापतीतून उठवायला, वेळेवर पगार द्यायला जी माणसं आणि ज्या संस्था लागतात त्या घरात नव्हत्या.

वयोगटाच्या कपात आणखी एक गोम असते. वय १ जानेवारीपासून धरतात. जानेवारीत जन्मलेलं पोरगं डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं असतं, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी तेवढं वर्ष म्हणजे चार बोटं उंची आणि खांद्यातली ताकद. जगभरच्या वयोगट संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसते ती यामुळं. एम्बापेचा जन्म २० डिसेंबरचा आहे. कुणीतरी त्याच्या उंचीकडं न बघता पायाकडं बघितलं म्हणून तो सुटला.

आपल्याकडं हे वर्षाचं अंतर कागदावर वाढवतात. मी स्वतः चौदा वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत सोळाव्या वर्षी खेळलोय. दाखला कुणी बदलला त्याचं नाव लिहीत नाही, पण मी खेळलो हे खरं आहे. फायनलला माझ्यासमोर एक किडकिडीत राईट विंगर होता. पहिल्या दहा मिनिटांत त्यानं मला दोनदा चकवलं, मग मी त्याला अंगानं रेटायला लागलो. दुसऱ्या हाफला तो मैदानात आलाच नाही. पुढं कधी कुठल्याच संघात तो मला दिसला नाही. आम्ही कप जिंकला. तो पोरगा खेळत राहिला असता तर आपल्या पेठेच्या कुठल्या जागी खेळला असता, हा विचार मला तीस वर्षांनंतरही सुटलेला नाही. म्हणून कपांच्या यादीवरून कुणी कुठल्या देशाची पोरं तोलायला लागलं की मला ऐकवत नाही.

आता उरुग्वे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार होती. उरुग्वे हा अख्खा देश ३५ लाखांच्या आसपास. आपल्या जिल्ह्यापेक्षा कमी माणसं, आणि १९३० चा पहिला वर्ल्ड कप त्यांचा, १९५० ला रिओच्या माराकाना स्टेडियमवर ब्राझीलला त्यांच्याच लाखो लोकांसमोर २-१ हरवणारे ते. जुन्या गोष्टी सोडा म्हणाल, सोडल्या. २०१० ला वर्ल्ड कपची सेमीफायनल. २०११ ला कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेचा कप, तो पंधराव्यांदा. २०२३ ला वीस वर्षांखालचा वर्ल्ड कप: फायनलला इटलीवर १-०, आणि बाद फेरीच्या चार मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही. त्यांचे नामांकित स्ट्रायकर सुआरेझ आणि कावानी हे दोघे १९८७ साली साल्तो नावाच्या एकाच गावात तीन आठवड्यांच्या अंतरानं जन्मले. साल्तोची वस्ती लाखभर, म्हणजे आपल्या इचलकरंजीच्या निम्मीसुद्धा नाही. आज वाल्व्हेर्दे रिअल माद्रिदसारख्या क्लबात मधली फळी सांभाळतोय, आणि अराउहो ब्राझीलच्या सीमेवरच्या रिव्हेरातून बार्सिलोनाला गेला. दर दहा वर्षांनी नवी पिढी येतेच.

हे कसं होतं ते मी अनेक वर्षं वाचत, बघत, विचारत आलोय. तिथं लहान पोरांच्या फुटबॉलला 'बेबी फुटबॉल' म्हणतात. वय ६ ते १३. मोठ्या ग्राऊंडच्या तुकड्याएवढं छोटं ग्राऊंड, लहान गोलपोस्ट, एका बाजूला कमी खेळाडू. देशभरात पन्नास-साठ हजार पोरं त्यात खेळतात. आपल्या जिल्ह्याएवढ्या वस्तीत, दर आठवड्याच्या सुट्टीला, जर्सी घालून, रेफ्री लावून, पॉइंट टेबलसकट. जन्माच्या वर्षाप्रमाणं गट पाडलेले असतात आणि मुलीही मुलांबरोबरच खेळतात.

आणि हे चालवतं कोण? वस्ती. राजधानी माँटेव्हिडिओच्या प्रत्येक वस्तीचा आपला क्लब असतो, त्याचा रंग असतो, शेजारच्या वस्तीशी त्याचं पिढ्यानपिढ्यांचं वैर असतं. बाप लोक ग्राऊंडवर चुन्याच्या रेषा मारतात, आया तोर्ता फ्रिता नावाच्या तळलेल्या पुऱ्या करून विकतात, त्या पैशातून जर्सी येतात. पदाधिकारी बिनपगारी. तुम्हाला यात काही ओळखीचं दिसतंय का? मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ही आपली तालीम आहे. पेठ, रंग, वर्गणी, खुन्नस, बिनपगारी राबणारी माणसं, सगळं तेच. फरक एवढाच की त्यांच्या क्लबात पोरगं सहाव्या वर्षी येतं आणि आपल्या तालमीच्या संघात अठराव्या.

दुसरी गोष्ट ऑस्कर ताबारेझ यांची. हे गृहस्थ मुळात प्राथमिक शाळेतले मास्तर. तिथले लोक त्यांना 'एल माएस्त्रो', म्हणजे गुरुजीच म्हणतात. २००६ ते २०२१ ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. त्यांनी लहान वयोगटांपासून मोठ्या संघापर्यंत सगळी साखळी एका हाताखाली घेतली, सगळे एकाच ठिकाणी सराव करायला लागले. पंधरा वर्षांचं पोरगं जेवायच्या टेबलावर सुआरेझच्या शेजारी बसतंय, त्याचं वागणं बघतंय. शिक्षण सोडायचं नाही यावर गुरुजींचा कटाक्ष असायचा. शेवटच्या काळात आजारपणानं ते काठीच्या आधारानं ग्राऊंडच्या कडेला उभे राहायचे. मला विचाराल तर गेल्या पंचवीस वर्षांत तरुण पोरांसाठी कुठल्याही देशात याहून मोठं काम झालेलं नाही.

उरुग्वेत सगळं गोड आहे असंही नाही. बेबी फुटबॉलच्या मॅचला बाप लोक रेफ्रीवर ओरडतात, आठ वर्षांच्या पोरावर घराच्या पोटापाण्याची आशा ठेवतात, आणि साठ हजारांतले मोजके सोडले तर बाकीच्यांना फुटबॉलातून काही मिळत नाही. २०१७ च्या आपल्या वर्ल्ड कपला त्यांचा संघ पात्रसुद्धा झाला नव्हता. मुलींच्या बाबतीत तर ते फार मागं आहेत, त्यांचा महिला संघ आजवर एकाही वर्ल्ड कपला गेलेला नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर तेही लिहितो, कारण कट्ट्यावर त्या रात्री दोन तासांत एकाही मुलीचं नाव निघालं नाही. मुलींचं विचाराल तर माझं उत्तर बदलतं: स्पेन. ३० ऑक्टोबर २०२२ ला त्याच नवी मुंबईच्या मैदानावर १७ वर्षांखालच्या मुलींच्या फायनलला स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरलेली विकी लोपेझ आता बार्सिलोनाकडून खेळते. साल्मा पारायुएलो या मुलीनं तर १७ वर्षांखालचा, २० वर्षांखालचा आणि मोठा असे तिन्ही वर्ल्ड कप जिंकलेत. एवढा मोठा सामना आपल्याच राज्यात झाला आणि आपल्या कोल्हापुरातून किती जण बघायला गेले? मीही गेलो नाही. स्पेन-मालीला रात्रभर प्रवास करून गेलेला मी, मुलींच्या फायनलला घरी बसलो, याची मला लाज वाटते.

आता तुमच्याशी थेट बोलतो.

पाटाकडील-दिलबहार मॅच असो, शिवाजी तरुण-खंडोबा असो, शाहू स्टेडियम भरून वाहतं. राज्यात दुसऱ्या कुठल्या शहरात पेठेच्या संघासाठी एवढी माणसं तिकीट काढून बसतात ते मला दाखवा. वर्ल्ड कप आला की गल्लीगल्लीत मेस्सी आणि नेमारचे कटआऊट उभे राहतात. पण २०१७ च्या भारतीय संघात २१ जण होते, त्यातले ८ एकट्या मणिपूरचे आणि आपला एक, अनिकेत जाधव. त्याचा आपल्याला अभिमान आहेच. मात्र तो घडला पुण्याला जाऊन. मणिपूरची लोकसंख्या आपल्या जिल्ह्यापेक्षा दहा लाखांनी कमी आहे हे ध्यानात घ्या. मिझोराम तर त्याहून लहान, सगळं राज्य ११ लाखांचं. तिथल्या ऐझॉल क्लबनं २०१७ ला आय-लीग ही देशपातळीवरची लीग जिंकली, आणि गावोगावी बारक्या पोरांच्या लीग भरवायला सुरुवात करणाऱ्यांत तेच पुढं होते. २०१८ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं 'गोल्डन बेबी लीग' या नावानं ६ ते १२ वयाची योजनाच आखली होती. मार्ग नवा शोधायचा नाही.

आपण काय करतो? पोरगं सहा ते सोळा भिंतीवर चेंडू मारत मोठं होतं. शाळेची स्पर्धा वर्षातून एकदा, तीही हरला की संपली. तिथं दहा वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या ग्राऊंडवर अकरा-अकरात उभं करतात आणि सगळ्या मॅचमध्ये चेंडू त्याच्या पायाला आठ-दहा वेळा लागतो. छोट्या ग्राऊंडवर तोच चेंडू पायात पन्नास वेळा येतो. पहिला टच बसायचं वय आठ ते बारा आहे, हे मी रोज सकाळी माझ्या डोळ्यांनी बघतो. अठराव्या वर्षी तालमीत आलेल्या पोराला पळायला शिकवता येतं, टॅकल लावायला शिकवता येतं, चेंडू थांबवायला शिकवता येत नाही. मग आपण सीझनसाठी बाहेरून खेळाडू आणतो. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही, पोट घेऊन आलेली माणसं आहेत, आणि त्यांच्याकडून आपली पोरं शिकलीही आहेत. पण त्यातल्या एका खेळाडूचा सीझनचा खर्च काढा आणि तेवढ्यात तीस पोरांचे बूट, चेंडू आणि एका शिकलेल्या कोचचं मानधन किती महिने निघतं ते वहीत मांडा. मी मांडलंय. ती वही दाखवायला मी कुठल्याही तालमीत येईन.

माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक तालमीनं येत्या सीझनला दहा वर्षांखालचा एक संघ उभा करावा, तुमच्याच जर्सीत, तुमच्याच नावानं. त्यात मुली असाव्यात. तालमीतल्या निवृत्त झालेल्या एका खेळाडूला महासंघाच्या डी लायसन्सच्या कोर्सला पाठवावं, फी तालमीनं भरावी. गांधी मैदान आणि दुधाळीच्या एकेका ग्राऊंडवर आडवी तीन छोटी ग्राऊंडं आखता येतात. आणि शाहू स्टेडियमवर मोठी मॅच सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं या पोरांना खेळू द्या. गॅलरी भरलेली असताना. आपली खुन्नस त्यांच्यापर्यंत पोचू द्या, पण शिव्या आणि दगड पोचू देऊ नका. ज्या दिवशी गॅलरीतून बाटली येते त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडं पाच पोरं कमी येतात, आया पाठवत नाहीत.

दाखले खरे लावा. हे मी वर लिहिलेल्या कारणासाठी हात जोडून सांगतोय.

पंच मिळत नसतील तर मी शिट्टी घेऊन उभा राहतो. ज्या तालमीला या वर्षी सुरुवात करायची आहे तिनं आपली पोरं कुठल्याही रविवारी सकाळी साडेसहाला गांधी मैदानावर घेऊन यावं. चुना मी आणतो. माझ्याकडं चार नंबरचे सहा चेंडू आहेत, त्यातल्या दोघांत हवा टिकत नाही, तेवढे दोन तुमच्याकडून आणा.

आपला,
एक जुना लेफ्ट हाफ
शिवाजी पेठ, कोल्हापूर